अ‍ॅट द रेट सात

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांना, तुझ्या चष्म्याला आणि तुझ्या लाल शाईच्या पेनाला, याच क्रमाने, माझा नमस्कार. गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम तू करतेस, की करते असं नुसतं डॉक्टरांना सांगतेस? रक्तदाबाची गोळी सकाळच्या चहाआधी घ्यायची आहे, चहाऐवजी नव्हे. मी इथे मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते, आणि केस गळायचे थांबले आहेत (किंवा गळण्यासारखे आता उरले नसावेत). माझी मागची चिठ्ठी तू दुरुस्त करून परत पाठवलीस ती मिळाली. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली म्हणून निवृत्तीनंतरही भाचीची पत्रं तपासायची, हा छळ आहे, पण 'आशीर्वाद' मी आता बरोबर लिहिते हे तुझ्या लक्षात येईल.

त्या चिठ्ठीच्या समासात तू विचारलं होतंस की जनावरांच्या दवाखान्यात मी नक्की काय काम करते. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा तू म्हणे 'कम्प्युटरचं काहीतरी' असं सांगितलंस आणि त्यांनी 'म्हणजे मांजरांची नावं टाइप करते का?' असं विचारलं. आत्या, मी मांजरांची नावं टाइप करत नाही. मी मांजरांची नावं सुरक्षित ठेवते. यातला फरक परवाच इतका ठळकपणे सिद्ध झाला की सगळं सविस्तर लिहायलाच हवं. पाय वर घेऊन बस.

आमच्या दवाखान्यात पुढे रिसेप्शन, मग तपासणीच्या खोल्या, मग एक्स-रे, मग ऑपरेशनची खोली, आणि बोळाच्या टोकाला माझी खोली. माझी म्हणजे खरं तर यंत्राची. मला तिथे खुर्ची दिली आहे इतकंच. अर्ध्या खोलीत कुत्र्यांच्या खाद्याची पोती आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात कपाटाएवढं एक यंत्र दिवसभर घुमत असतं. त्याच्या पाठीतून जी ऊब निघते ती वाया जाऊ नये म्हणून आमच्या डॉक्टरीणबाईंनी मधल्या भिंतीला भोक पाडून जाळी बसवली आणि पलीकडे पक्ष्यांचा वॉर्ड केला. आजारी पक्ष्यांना ऊब लागते. (विजेचं बिलही वाचतं. बाई प्राण्यांवर जितकं प्रेम करतात तितकंच बिल वाचवण्यावर करतात, आणि दोन्ही एकदम साधलं की त्या दिवशी आम्हाला सामोसे मिळतात.) ही जाळी लक्षात ठेव. मी ठेवली नव्हती.

आता यंत्राचं. दिसायला ते एक आहे, पण त्याच्या पोटात चार यंत्रं राहतात. ती हाताला लागत नाहीत, नजरेला दिसत नाहीत, पण आतून प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत आणि हे सगळं घर आपलंच आहे. (आपल्या घरी लग्न होऊन आल्यावर आईला सुरुवातीचे आठ दिवस वाटलं होतं तसं.) मी त्यांना बिऱ्हाडं म्हणते. एका बिऱ्हाडात रिसेप्शनचं काम चालतं, एकात औषधांचा साठा, एकात एक्स-रे. चौथ्याविषयी पुढे सांगते. या व्यवस्थेचा फायदा असा की चार यंत्रं विकत घ्यावी लागत नाहीत, आणि धोका असा की मुख्य दाराची किल्ली कुणाच्या हाती लागली तर तो चारही घरांत एकाच वेळी पाहुणा. शिवाय चारही घरांना एकच किल्ली लावली असेल तर त्याला मुख्य दाराचीसुद्धा गरज नाही. तर आम्ही माहीत असलेल्या सगळ्या घरांना एकच किल्ली लावली होती.

हसू नकोस. माझ्या आधी इथे जो होता त्याने तर एक ते सहा आकडे ओळीने लिहून तोच पासवर्ड केला होता. मी आल्याआल्या त्यात सुधारणा केली. शास्त्र असं सांगतं की पासवर्ड म्हणून एखादं लांब आणि अर्थहीन वाक्य घ्यावं, म्हणजे दुसऱ्याला ओळखता येत नाही आणि आपल्याला विसरता येत नाही. (यातला पहिला भाग खरा आहे.) मी प्राण्यांना कपडे घातले. एकदा उंटाने टोपी घातली, एकदा जिराफाने मफलर, कधी उलटा, कधी फाटका. शेवटी एक चिन्ह आणि एक आकडा हवाच असा यंत्राचा हट्ट, म्हणून प्रत्येक वाक्याला 'अ‍ॅट द रेट सात' जोडलं. मधूनमधून प्राणी बदलायचा, कपडे बदलायचे आणि कागदावर काहीही लिहून ठेवायचं नाही, असा नियम मी स्वतः केला आणि सगळ्यांना एका बैठकीत समजावूनही सांगितला. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण आमच्याकडे वीज जाते. वीज गेली की यंत्र झोपतं, आणि परत आली की मोठं यंत्र जागं होतं पण पोटातली कामाची बिऱ्हाडं पांघरूण ओढून पडून राहतात. त्यांना कुणीतरी पासवर्ड घालून उठवावं लागतं. दवाखाना माझ्या आधी उघडतो, त्यामुळे हे काम रिसेप्शनवरच्या ताईंकडे आलं. त्यांना सगळे घंटाताई म्हणतात, कारण त्यांनी नुसतं 'पुढचे' म्हटलं तरी रस्त्यावरची माणसं उभी राहतात. ताई यंत्रासमोर बसायच्या, तोपर्यंत डॉक्टरीणबाईंना ऑपरेशनच्या खोलीतून एक्स-रे उघडायचा असायचा, आणि बाई हातमोजे घातलेल्या अवस्थेत ओरडायच्या, "अगं, काय होतं गं ते?" की घंटाताई माझ्या खोलीतून, त्या जाळीला पाठ टेकवून, आख्खं वाक्य प्राण्यासकट, कपड्यांसकट आणि अ‍ॅट द रेटसकट बोळाच्या त्या टोकापर्यंत पोचवायच्या. मला हे माहीत नव्हतं. मी त्या वेळी बसमध्ये असायचे.

त्या दिवसांत पक्ष्यांच्या वॉर्डात एक राखी पोपट दाखल होता. त्याचं नाव बुवा. त्याची मालकीण गाणं शिकवते, म्हणून आम्ही तिला गाणेबाई म्हणतो. बुवा कंटाळून स्वतःची पिसं उपटायला लागला होता, छातीवर अगदी मोकळं मैदान झालं होतं, म्हणून त्याला बरेच दिवस ठेवून घेतलं. बडबडं गिऱ्हाईक! मांजराचा आवाज काढून कुत्र्यांच्या वॉर्डात दंगल घडवायचा आणि मग डॉक्टरीणबाईंच्या आवाजात 'शांत बसा' म्हणायचा. पिसं आली, वजन वाढलं, बुवा घरी गेला.

आणि एके दिवशी दुपारी गाणेबाईंचा मला फोन आला. त्यांना एक शंका होती. म्हणाल्या, "अहो, आमचा बुवा तुमच्याकडून आल्यापासून एकच ओळ म्हणतो. चाल काही वाईट नाही, मध्यमावर उठतो आणि षड्जावर येऊन बसतो. पण शेवटी तो 'अ‍ॅट द रेट सात' म्हणतो. हा सात मात्रांचा कुठला ताल हो? मी नाही ऐकला."

आत्या, माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं ते पडलंच. मी विचारलं, आधीची ओळ काय म्हणतो? त्या म्हणाल्या, "शब्दांकडे माझं कधीच लक्ष नसतं, मी सूर ऐकते." आणि मागून, फोनमध्ये, घंटाताईंच्या आवाजात स्वच्छ ऐकू आलं, "अ‍ॅट द रेट सात!" गाणेबाईंकडे सकाळ-संध्याकाळ शिष्यांची रीघ असते. म्हणजे आमच्या बिऱ्हाडांची किल्ली अर्ध्या गावाला चालीसकट शिकवली जात होती.

मी ताबडतोब सगळे पासवर्ड बदलले. माहीत असलेल्या प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा, मुख्य दाराला आणखी वेगळा. घंटाताईंना हळू आवाजात बोलायची विनंती केली (त्यांनी 'हो' म्हटलं ते पार्किंगमध्ये ऐकू गेलं). ही हकीकत डॉक्टरीणबाईंना सांगितल्यावर त्या आधी पोटभर हसल्या आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या की आता एकदाचं सगळं घर झाडून काढ. मी पदर खोचला. (पदर नाही, पण तू समजून घे.)

झाडताना सापडलं ते चौथं बिऱ्हाड. त्यात कोण राहतं हे कुणालाच माहीत नव्हतं. दारावर 'चाचणी' एवढंच लिहिलेलं, पासवर्ड अजूनही तोच, एक ते सहा, आणि दार सताड उघडं, थेट बाहेरच्या जगाकडे. माझ्या आधीच्याने कधीतरी काहीतरी करून पाहायला ते बांधलं आणि तसंच टाकून तो दुसऱ्या नोकरीला निघून गेला. बिनभाडेकरूचं घर असं वर्षानुवर्षं, वीज आली की आपलं आपण उठून, दिवा लावून बसलेलं. चोराला घुसायला याहून सोयीची जागा नाही, आणि एकदा तिथे पाय ठेवला की भिंतीपलीकडे बाकीची तीन बिऱ्हाडं. मी ते बंद केलं, आणि त्या दिवशी मला जो अभिमान वाटला तो आठवडाभर पुरला.

आठवड्याने एक आजोबा रिसेप्शनवर येऊन रागावून उभे राहिले. त्यांच्या मांजरीचा वाढदिवस होऊन गेला तरी दवाखान्याकडून शुभेच्छा आल्या नव्हत्या. त्यांच्यामागून कासववाल्या बाई आल्या. मग ससेवाले दांपत्य. तेव्हा कळलं की ते चौथं बिऱ्हाड अगदी रिकामं नव्हतं. इतकी वर्षं ते गुपचूप प्रत्येक प्राण्याला वाढदिवसाचा संदेश पाठवत होतं, शेवटी 'तुमच्या लाडक्या डॉक्टरीणबाई' अशी सहीसुद्धा करत होतं. लोक बाईंना रस्त्यात थांबवून आभार मानायचे आणि बाईंना वाटायचं आपण स्वभावाने इतक्या चांगल्या आहोत की लोक उगाचच आभार मानतात. त्यांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा झाला होता. मग मी ते बिऱ्हाड पुन्हा सुरू केलं, पण नीट कुलूप लावून, बाहेरचं दार बुजवून, फक्त संदेश जाण्यापुरती खिडकी ठेवून. कासवाला उशिराने शुभेच्छा गेल्या. कासवाने घाई केली नाही.

आता मुख्य प्रसंग. चहा करून आण.

घर झाडायचं शेवटचं काम म्हणून मी एक्स-रेच्या बिऱ्हाडाची डागडुजी काढली. त्याची प्रणाली जुनी झाली होती, त्यात चोरवाटा होत्या, त्या बुजवायच्या होत्या. असं काही करण्याआधी त्या बिऱ्हाडाचा फोटो काढून ठेवतात. साधा फोटो नव्हे. त्या क्षणी आत जे जसं आहे ते सगळं तस्संच. पुढे काही बिघडलं की बटण दाबायचं, की घर पुन्हा त्या फोटोतल्या दिवशी जाऊन उभं राहतं. (अशी सोय माणसांना असती तर मी अकरावीत भौतिकशास्त्र घेतलं नसतं.) मी फोटो काढायचं बटण दाबलं. यंत्राने काहीतरी लिहिलं, मी ते न वाचता 'ठीक आहे' केलं. ते असं लिहीत होतं की जागा अपुरी असल्यामुळे फोटो निघालेला नाही. मग मी डागडुजी केली, आणि एक्स-रेचं बिऱ्हाड जे आडवं झालं ते उठेचना.

नेमक्या त्याच वेळी शिंपीकाका आले. गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि दोन्ही हातांवर त्यांची कुत्री. तिचं नाव बॉबिन. पांढरी, म्हातारी, आमच्या दवाखान्यात येताना प्रत्येकाच्या पायाला नाक लावून हजेरी घेणारी. आज ती मान टाकून होती. शिंपीकाका म्हणाले, "सुई गिळली हो. दोऱ्यासकट. माझ्याच हातातून पडली. मी वाकलो, त्याआधी ती वाकली." एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सुई पोटात फिरते, आत्या. ती कुठे आहे हे दिसल्याशिवाय डॉक्टरीणबाई हात लावणार नव्हत्या. दुसरा एक्स-रे गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि रस्त्याचे हादरे तिला सोसवले नसते. आमच्याकडे मशीन होतं, पण त्यातून निघालेलं चित्र जिथे उमटतं ते बिऱ्हाड मी आडवं पाडलं होतं.

घाबरण्यात वेळ घालवायचा नाही असं ठरवून मी खूप घाबरले. मग एक जुना फोटो सापडला. बुवा वॉर्डात होता त्या दिवसांतला. बटण दाबलं. बिऱ्हाड डोळे चोळत उठून बसलं! मी टाळी वाजवली, घंटाताईंनी टाळी वाजवली (वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पाहिलं), आणि बिऱ्हाडाने पासवर्ड विचारला. मी नवा घातला. चूक. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घर त्या दिवशी जाऊन उभं राहिलं म्हणजे कुलूपही त्या दिवशीचंच. ज्या पासवर्डापासून मी आठवडाभर सगळ्यांना वाचवत होते, तोच आता हवा होता.

तो काय होता? मी म्हटलं जिराफाने मफलर. घंटाताई म्हणाल्या जिराफ नव्हे, उंट, आणि मफलर नव्हे, टोपी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या मला मोजे आठवतात, कारण मी दरवेळी हातमोजे घालताना हसायचे. कागदावर काही लिहायचं नाही हा नियम मी केला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांनी माझा एक नियम पाळला होता. पाच वेळा चुकलं की ते बिऱ्हाड दिवसभर तोंड फिरवतं. जिराफ गेला, उंट गेला, मोजे घातलेला उंटही गेला. एकच संधी उरली. बॉबिन टेबलावर पडून शेपटीचं टोक तेवढं हलवत होती, कारण शिंपीकाका तिच्याशी बोलत होते.

मी गाणेबाईंना फोन केला. त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता, त्या सूर ऐकतात. मी म्हटलं, बुवाला घेऊन या. त्यांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. शिकवणी अर्ध्यात सोडून, तंबोरा शिष्याच्या मांडीवर ठेवून, पिंजरा पोटाशी धरून त्या आल्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला. आम्ही बुवाला माझ्या टेबलावर ठेवलं आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो.

बुवाने आमच्याकडे एक एक करून पाहिलं आणि सरगम सुरू केली. गाणेबाई ओशाळून म्हणाल्या की मी फोनवर दचकले म्हणून ती ओळ वाईट असेल असं समजून त्यांनी बुवाला ती सोडायला लावली होती आणि आठवडाभर त्याच्याकडून सरगमच घटवून घेतली होती. मी म्हटलं, बुवा, अ‍ॅट द रेट? बुवा म्हणाला, "सा". घंटाताईंनी पेरू दाखवला. बुवाने पेरू खाल्ला, मला एक बी मारली आणि म्हणाला, "रे". शिंपीकाका दारातून आत आले, हात जोडून पिंजऱ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बुवा, माझी एकटीच आहे हो ती घरात." बुवाने मान वाकडी करून त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं.

तिकडे ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरीणबाई बॉबिनचा पाय धरून, हातमोजे चढवून कधीच्या उभ्या होत्या. त्यांना आमचं काय चाललंय ते दिसत नव्हतं. शेवटी त्यांचा धीर सुटला आणि त्या बोळाच्या त्या टोकावरून, नेहमीसारख्या, जिवाच्या आकांताने ओरडल्या, "अगं, काय होतं गं ते?"

घंटाताईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी त्यांचाच आवाज पिंजऱ्यातून निघाला. खणखणीत, घाईतला, जरासा वैतागलेला: "पाणघोड्याने पायमोजे ओले घातले, अ‍ॅट द रेट सात! झालं का हो?"

पाणघोडा! आम्हा तिघींपैकी एकीलाही पाणघोडा आठवला नव्हता. मी कीबोर्डवर हात ठेवले आणि तिथेच थिजले, कारण हे सगळं इंग्रजी अक्षरांत लिहायचं असतं, आणि 'पाण'मध्ये 'ए' एक की दोन? 'मोजे'तला 'ओ' साधा की ओढलेला? एकच संधी, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न! आत्या, त्या क्षणी मला तू आठवलीस. तुझ्या आजवरच्या सगळ्या लाल खुणा डोळ्यांपुढून गेल्या आणि मला खात्री पटली की जिथे दीर्घ हवं तिथे मी ऱ्हस्वच लिहिलेलं असणार. सगळे 'ए' एकेकटे टाकले. डोळे मिटून बटण दाबलं.

उघडलं!

पुढचं फार भराभर झालं. एक्स-रे निघाला. सुई पांढऱ्या रेघेसारखी स्पष्ट दिसली, अजून जठरातच होती, आतड्याकडे निघण्याच्या बेतात. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून, पोट न कापता, ती दोऱ्यासकट बाहेर काढली. आम्ही बोळात उभ्या होतो. दार उघडून बाई बाहेर आल्या, चिमट्यात सुई धरून, आणि शिंपीकाकांना म्हणाल्या, "ओवलेलीच आहे. लगेच शिवायला घ्या." शिंपीकाका हसले, मग रडले, मग त्यांनी जो हाताशी सापडला त्याला मिठी मारली. (तो खाद्याची पोती टाकायला आलेला माणूस होता. त्याला काहीच माहीत नव्हतं, पण त्याने मिठी छान परत केली.) गाणेबाईंनी तिथेच बोळात एक तान घेतली. कुत्र्यांच्या वॉर्डाने साथ दिली. सामोसे आले.

संध्याकाळी बॉबिन गुंगीतून जागी झाली आणि झोकांड्या खात सगळ्यांच्या पायांना नाक लावून गेली. शिंपीकाका आता आम्हा सगळ्यांचे कपडे मोफत शिवणार म्हणतात, डॉक्टरीणबाई नको म्हणतात, आणि मी माप आधीच देऊन ठेवलं आहे. बाईंनी दुसऱ्याच दिवशी ती जाळी काचेने बंद करून घेतली; ऊब जाते, आवाज जात नाही. मी आता फोटो निघाला की नाही ते डोळ्यांनी वाचून बघते. पासवर्ड एका बंद पाकिटात, पाकीट तिजोरीत. विजेनंतर चौघं आपोआप उठतील अशी सोय पडद्यावरच्या एका चौकटीत साधी खूण केली की होते हेही मला आता कळलं आहे, त्यामुळे घंटाताईंना ओरडायला कारण उरलेलं नाही. त्या विनाकारण ओरडतात.

तर हे असं माझं काम. शेजारच्या काकूंना यातलं झेपेल तेवढं सांग. बाबांना सुईचं सांग, बिस्किटाचं नको. गुडघ्याला जप.

तुझी लाडकी (आणि बहुतेक ठिकाणी ऱ्हस्व),
भाची

ता. क. हे पत्र घेऊन आलेत ते आमच्या दवाखान्याचे ड्रायव्हरकाका. तुमच्या गावाबाहेरच्या तबेल्यात एक बरी झालेली घोडी सोडायला ते येणारच होते, म्हणून पत्र पोस्टाने न पाठवता त्यांच्याकडे दिलं. त्यांच्या दुसऱ्या हातात कापडाने झाकलेलं काहीतरी आहे. घाबरू नकोस.

ता. क. २. गाणेबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत. फार नाही, थोडेच महिने. बुवाला आमच्याकडे ठेवावं असं त्यांना वाटत होतं, पण डॉक्टरीणबाईंनी सुरक्षेच्या कारणावरून स्पष्ट नकार दिला: एका छपराखाली बुवा तरी राहील नाहीतर पासवर्ड. माझ्या घरमालकिणीकडे तीन मांजरं आहेत. मग मी विचार केला की असं घर कुठलं, जिथे माणूस प्रेमळ आहे, व्हरांड्यात ऊन येतं आणि कम्प्युटर नाही. तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही.

ता. क. ३. तो सकाळी पेरू खातो, दुपारी झोपतो. मिरची आवडते. टोमणे मारू नकोस, लगेच उचलतो. पाणघोड्याचं म्हणाला तर म्हणू दे, ते जुनं झालं. पण खारीविषयी काही म्हणाला तर ताबडतोब कापड टाक आणि शेजारच्या काकूंना घरी पाठव. (काच बसायच्या आदल्या दिवशी नवा पासवर्ड ठरवायला आम्ही सगळे माझ्या खोलीत जमलो होतो. पिंजरा टेबलाखाली राहिला होता हे नंतर कळलं.) मी तो बदलणारच आहे. सोमवारी.

ता. क. ४. ड्रायव्हरकाकांना मी बजावलं आहे की पत्र आणि पिंजरा एकदम हातात द्यायचा, चहाला नको म्हणायचं आणि तू दुसऱ्या पानावर पोचायच्या आत गाडी सुरू करायची. ते शब्दाचे पक्के आहेत. तेव्हा आता बाहेर जाऊन हाका मारू नकोस, गुडघा दुखेल. कापड काढ.